दीड किलोचा बत्ता

मंगळवार, महिन्यातला तिसरा. वेळ सकाळी साडेदहा. मासिक सभा. हजर: मी, म्हणजे पंचवीस अंगणवाड्यांच्या या बीटची मुख्यसेविका, पंचवीसपैकी तेवीस अंगणवाडी सेविका, चहाचं बघणाऱ्या दोन मदतनीस. बाळंतपणाच्या रजेवर: एक. उरलेलं एक नाव हजेरीपटावर अजून छापून येतं आणि त्याच्यासमोर मी दर महिन्याला आडवी रेघ मारते.

त्या रेघेबद्दल लिहायचं आहे.

ते नाव जिचं, तिच्या अंगणवाडीत वजनाच्या दिवशी पहिलं वजन मुलाचं होत नसे. आढ्याला दोरी, दोरीला गोल तबकडीचा काटा, काट्याला कापडी झोळी, असं सगळं टांगून झालं की ती पिशवीतून एक काळा लोखंडी बत्ता काढायची आणि तान्हं मूल ठेवावं तसा तो हलक्या हाताने झोळीत ठेवायची. बत्ता तिच्या सासूच्या खलबत्त्यातला. खल कधीच भंगारात गेला होता. बत्त्याचं वजन बरोबर दीड किलो. गावातल्या वाण्याकडून तिने ते तीन वेळा करून घेतलं होतं. काटा दीडवर येऊन थांबला की ती दारातल्या आयांकडे वळायची.

"आदी बत्ता, मंग बाल."

काटा पुढेमागे दिसला तर ती त्याचा स्क्रू पिळत बसायची. दारात रांग कितीही असो. एकदा मी घड्याळाकडे बघितलं, तर म्हणाली, "मॅडम, काटा खोटा असंल तर पोराची काय चूक?"

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. मी याद्या करणारी बाई आहे. चांगलं काही दिसलं की त्याला क्रमांक देऊन टाकते. पुढच्याच सभेत मी सगळ्यांना फर्मान काढलं की वजनाआधी ठरलेल्या वजनाची एक वस्तू टांगून बघायचीच. कोणी वाण्याचं किलोचं माप आणलं, कोणी पाण्याची बाटली भरून ठेवली, एकीने तेलाची पिशवी आणली आणि ती तिसऱ्या महिन्यात फुटली. पण त्या सगळ्याला आमच्या बीटमध्ये नाव पडलं ते बत्ताच. "बत्ता केला का?" असं मी फोनवर विचारायचे आणि पलीकडून उत्तर यायचं, "केला मॅडम."

गावात तिला सगळे नुसतं बाई म्हणत. मीही तेच म्हणत असे. वयाने माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी, हातात हिरव्या बांगड्या, पायात रबरी चपला, चष्म्याला दोरा. गाव पनवेलजवळ, कोन गावाच्या पलीकडे, एक्सप्रेस वेला लागून. सासऱ्यांची भातशेती होती आणि खाडीकडे मिठागराचा एक तुकडा. जमीन गेली आणि तिचं तीन मजली घर झालं. जिन्याला काचेचा कठडा, दिवाणखान्यात झुंबर. मुलाचा वाळू-सिमेंटचा धंदा. अशा घरातली बाई अंगणवाडीत खिचडी ढवळायला कशाला जाते, असं तिच्या मुलाने माझ्यासमोरच तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "घरात कोन ढवलू देतं मना?"

ते खरं होतं. स्वयंपाकघर सुनेचं होतं. सून उंच, नाजूक, दुपारी जेवणाऐवजी काकडी खाणारी. गच्चीवर जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत घातला की ती नाकाला ओढणी लावायची. बाई तरीही घालायची. वाळलेला जवळा भाजून, कुटून, त्याची पूड अंगणवाडीच्या खिचडीत चिमटीने टाकायची. शेवग्याचा पाला, नाचणीची पेज, जवळ्याची पूड. माझ्या यादीत हे तिन्ही पदार्थ 'स्थानिक उपलब्ध पोषक आहार' या मथळ्याखाली होते. तिच्या हातात ते होते.

तिच्या अंगणवाडीच्या हद्दीत दोन जगं होती, तुम्ही या भागात फिरला असाल तर ती तुम्हीही बघितली असतील. खाली गावठाण, बंगल्यांचं. वर डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी, कुडाची आणि पत्र्याची. मध्ये पंधरा मिनिटांची पायवाट. तक्त्यात दोन्ही एकाच रकान्यात, 'ग्रामीण'.

"खाली माझा नातू," ती सांगायची. "सक्काली चिप्स, दुपारी नूडल. त्याला इचारा भूक लागली का, तर बोलतो बोअर झालंय. वाडीच्या पोरांना इचारूच नका. त्यांचा दंड बघा."

आणि ती अंगठा नि मधलं बोट जुळवून हवेत कडं करायची. त्या कड्यात कोणाचा दंड बसतो हे तिला पाठ असायचं.

एकदा कळंबोलीच्या एका मोठ्या सोसायटीत माता मेळावा होता. महिला मंडळाने मला व्याख्यानाला बोलावलं होतं. मी बाईंना बरोबर नेलं. माझं भाषण वीस मिनिटांचं, सात मुद्द्यांचं. मुद्दा चौथा चालू असताना माझ्या लक्षात आलं की कोणी ऐकत नाही. सगळ्या मागे वळून बघत होत्या. मागच्या रांगेत बाई एका तरुण आईशेजारी बसली होती. मांडीवर अडीच वर्षांचा गुटगुटीत मुलगा, त्याच्यासमोर मोबाईल, आईच्या हातात वाटी.

"दीड तास लागतो हो याला भरवायला," ती आई सांगत होती. "मोबाईल लावला की मगच तोंड उघडतो."

"मंग जेवतो कोन? मोबाईल?"

सगळ्या हसल्या. ती आईही हसली.

"आनि तू काय खाल्लंस सकाली?"

"मी? मी ग्रीन टी घेते. मग दुपारी याचं उरलेलं."

बाईने तिच्याकडे जरा वेळ बघितलं. "आमच्या वाडीवरची सुरेखा पन पोरांचं उरलेलंच खाते," ती म्हणाली. "तिथं उरत नाय, येवढाच फरक."

मग ती वाकली, त्या आईच्या डोळ्याखालची पापणी अंगठ्याने खाली ओढली आणि म्हणाली, "रक्त तपास गो बाय. पोरगा जाडा हाय, आई पांढरी."

माझे उरलेले तीन मुद्दे राहिले. परतताना रिक्षात मी तिला म्हटलं, "बाई, परक्या बाईच्या डोळ्यात असं बोट घालतात का?" टोलनाक्याजवळ रिक्षा थांबली तेव्हा तिने हात पुढे केला आणि माझी पापणी ओढली.

"तुमचंबी तेच हाय."

मी लोहाच्या गोळ्या वाटणारी बाई. माझ्या कपाटात त्यांचे खोके असतात, किती वाटल्या, किती उरल्या याची यादी माझ्याकडे. तपासणी केली तर हिमोग्लोबिन आठ निघालं. नवीन पनवेलमध्ये दोन खोल्यांच्या घरात मी वर्षानुवर्षं सकाळचा चहा आणि दोन बिस्किटं खाऊन निघत होते, आणि दुपारचा डबा बहुतेक वेळा संध्याकाळी उघडत होते. त्यानंतर चार महिने दर सभेला बाईने माझ्यासाठी अळिवाचे लाडू आणले. सगळ्यांसमोर द्यायची. "खा. माज्यासमोर खा. घरी नेऊन नवऱ्याला द्याल." चोवीस बाया बघत असायच्या आणि मी, त्यांची सुपरवायझर, शाळकरी मुलीसारखी लाडू खात असायचे. रक्त अकरावर आलं. माझ्यासाठी असं काही केलेली माणसं मोजायला मला यादी लागत नाही.

म्हणूनच पुढचं सांगायला अवघड जातं.

आमच्या कामात मुलांच्या वजनाला रंग असतात. वयाला साजेसं वजन असेल तर हिरवा, कमी तर पिवळा, फारच कमी तर लाल. लाल मूल निघालं की त्याला आईसह चौदा दिवस सरकारी दवाखान्यात ठेवायचं असतं. तिथे मापून खायला घालतात, औषधं देतात, वजन वाढवून पाठवतात. व्यवस्था चांगली आहे, मी आजही तसंच म्हणेन. माझ्या सभेत एक फळा असे. अंगणवाडीचं नाव आणि समोर रंगीत खडूचे ठिपके. जिच्या नावापुढे लाल ठिपका, तिने उभं राहून कारण सांगायचं. हा नियम माझा. मला वाटायचं, उभं राहिलं की माणूस कामाला लागतं.

बाईच्या नावापुढे आठ महिने लाल ठिपका नव्हता. वाडी असून. मी तिचं नाव आदर्श सेविका म्हणून वर पाठवलं. अर्ज मीच भरला, फोटो मीच जोडले. पनवेलच्या हॉलमध्ये शाल-नारळ मिळाला तेव्हा मी पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर जिथे जिथे मी प्रशिक्षण द्यायला गेले तिथे सांगितलं: बाईंचा आकडा म्हणजे आकडा. तो पुन्हा तपासायला लागत नाही.

हे वाक्य मी उलव्यालाही बोलले होते.

उलव्याची सेविका माझ्या बीटमधली नाही. माझ्या प्रशिक्षणाला बसलेली, एवढीच ओळख. तरुण आहे, जीव ओतून काम करते. तिच्या हद्दीत विमानतळालगतच्या इमारती आणि त्या बांधणाऱ्यांच्या पत्र्याच्या शेड. पावसाळा संपल्यावर एका दुपारी तिचा फोन आला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. काट्याबद्दल."

"बत्ता केला का?"

"केला मॅडम. पण काटा दुरुस्तीला पाठवला होता, तीन आठवडे. आज आला. दुकानवाला म्हणतो, काटा चांगलाच होता."

"मग पाठवला कशाला?"

तिने सांगितलं. साइटवर एक कुटुंब आलं होतं. तीन मुलं. धाकटी मुलगी रोशनी, दोन वर्षांची. आईने पिशवीतून अंगणवाडीचं कार्ड काढून दिलं. कार्डावर शेवटचं वजन नऊ किलो शंभर, हिरवं. खाली बाईची सही. हिने झोळीत ठेवलं तर सात किलो दोनशे.

"मला वाटलं माझाच काटा दोन किलो मागे आहे," ती म्हणाली. "बाईंचा आकडा होता ना मॅडम. आणि साइटवरची बाकीची मुलंही कमीच भरत होती. म्हटलं, तेही काट्यामुळेच असेल."

"पण बत्ता केला होता म्हणालीस."

"केला होता. बत्ता बरोबर आला होता." ती रडवेली झाली होती. "मला वाटलं, बत्ताच चुकला असेल."

"मुलगी कुठे आहे आता?"

"आज काटा आला म्हणून परत वजन करायला गेले, तर त्या शेड नाहीत. मुकादमाने माणसं दुसऱ्या साइटला हलवली."

मी फोन ठेवला आणि जुन्या फोटोंत शिरले. वजनाच्या दिवशी काट्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, हाही माझाच नियम. रोशनीचा फोटो सापडायला वेळ लागला नाही, माझ्याकडे सगळं महिन्यावार लावलेलं असतं. झोळीत मुलगी, मोठे डोळे, तबकडीवर काटा नऊच्या जरा पुढे. हा फोटो मी तेव्हा बघितला होता. त्याखाली मी अंगठ्याचं चिन्हही टाकलं होतं. आता दोन बोटांनी मोठा केला. झोळीच्या तळाशी, मुलीच्या पावलांमागे, कापडाला काळा गोल फुगवटा आलेला होता. कडेने इंचभर लोखंड दिसत होतं.

नऊ शंभरमधून दीड वजा केलं. सात किलो सहाशे. त्या वयाच्या मुलीला तो आकडा लाल.

ज्या बत्त्याने ती काटा खरा करायची, तोच तिने मुलीबरोबर झोळीत ठेवला होता. राग यायलाही थोडा वेळ गेला. आधी मला उगाचच त्या अळिवाच्या लाडवांची चव आठवली आणि पाणी प्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी न कळवता गेले. मुलं खिचडी खाऊन गेली होती. ती ताटल्या विसळत होती. मला बघून म्हणाली, "या मॅडम, कशा वेलेला आलात! जेवलात?"

मी फोन तिच्यासमोर धरला. "हे काय आहे?"

तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला, फोन जवळ घेतला.

"बत्ता," ती म्हणाली.

"किती वेळा?"

"एकदाच." मग, "दोनदा."

"बाई."

"तीनदा."

"आणि बाकीची मुलं?"

"नाय. देवाशपथ नाय. या एकीलाच."

मी का म्हणून विचारलं तेव्हा तिने आधी उरलेल्या ताटल्या विसळल्या. मग पाटावर बसली आणि सांगितलं. सुरेखाला तीन मुलं, रोशनी धाकटी. मागच्या वर्षी मोठा लाल निघाला, बाईनेच तिला समजावून दवाखान्यात पाठवलं. चौदा दिवस. नवरा पहाटे कामावर जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मागे राहिलेली दोघं शेजारच्या म्हातारीकडे, नुसत्या भातावर. सुरेखा परत आली तेव्हा मोठा हिरवा झाला होता आणि धाकटी सुकली होती.

"एक बरा केला तुमी, नि एक पाडली," ती म्हणाली. "तवाच सुरेखानं मना शपथ घातली. बोल्ली, बाई, परत लाल लिवू नको. लिवलास तर मी जाईन पलून."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगून काय केलं असतं तुमी?"

"दवाखान्यात पाठवलं असतं."

"तेच बोलते मी."

"ही काय पद्धत झाली? खोटं वजन लिहायचं?"

"मी डबा नेत होती मॅडम. रोज. पेज, अंडा, जवल्याची पूड. शेंगदाण्याचा लाडू. समोर बसून भरवत होती. म्हटलं, दोन महिन्यात चढवते, मंग बत्ता काढते. आकडा आपोआप खरा होईल." तिने बोटांचं ते कडं केलं आणि जरासं सैल केलं. "चढत पन होती. तीनशे ग्राम चढली. मंग एक दिवस वर गेली डबा घेऊन, तर झोपडीला कडी. ट्रक आला नि गेली. मना पन नाय सांगितलं त्यांनी."

शेवटचं वाक्य ती अशा आवाजात बोलली की मला त्याचाही राग आला. फसवलं गेल्याचा हक्क तिने कसा सांगावा!

"कार्ड कोणी दिलं त्यांना?"

"मीच."

"ते हिरवं कार्ड घेऊन ती उलव्याला गेली, बाई. सात किलो दोनशे भरली तिथे. चढलेली उतरली. आणि तिथल्या पोरीने तुमची सही बघितली आणि स्वतःचा काटा दुरुस्तीला पाठवला."

हे तिला ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा मी तेव्हा नीट बघितला नाही, बघायला हवा होता. मला फक्त हात आठवतात. ते कडं अजून तसंच होतं, मांडीवर ठेवलेलं, रिकामं.

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. म्हणाली, "तुमी लालवालीला उभं करता. मी उभी राहिली असती, मॅडम. सगल्यांसमोर राहिली असती. तुमच्यासमोर नको वाटलं."

घरी आले आणि अहवाल लिहिला. दीड पान, मुद्देसूद, जे घडलं ते. मऊ केलं नाही आणि वाढवूनही लिहिलं नाही. तिला नोटीस गेली. निवृत्तीला पाच महिने उरले होते; तिने राजीनामा पाठवला. सत्काराची शाल तिने परत पाठवली नाही, तशी ती कोणी मागितलीही नव्हती. आमच्या बायकांत दोन तट पडले. एक म्हणे मॅडम खाल्ल्या लाडवाला जागल्या नाहीत. दुसरा म्हणे बाईने मॅडमचं नाक कापलं. दोन्ही तट माझ्यासमोर गप्प बसत आणि चहा प्यायला लागत.

मला विचाराल तर मी अजून तिला माफ केलेलं नाही. दवाखान्याच्या चौदा दिवसांत मागे राहिलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न तिने माझ्या टेबलावर आणून आपटला असता तर मी भांडले असते, वरच्यांना पत्रं लिहिली असती, मागच्या दोघांना अंगणवाडीत दोन वेळा जेवण द्यायची काही तरी सोय केली असती. केली असती, असं मला वाटतं. पण तिने माझ्यापासून ते लपवलं आणि मला सुंदर अक्षरातला हिरवा आकडा दिला. मी तो घेऊन व्यासपीठासमोर टाळ्या वाजवल्या.

रोशनीला शोधायला मी उलव्याला दोनदा गेले. जुन्या शेडच्या जागी आता गाड्यांचा तळ आहे. एका मुकादमाला नाव सांगितलं तर म्हणाला, "कोन रोशनी? हर शेडमध्ये एक रोशनी हाय, मॅडम." गावातल्या तक्त्यातून तिचं नाव वगळलं गेलं, 'स्थलांतरित' म्हणून. शहराच्या तक्त्यात ते चढलंच नाही, कारण तिथे नोंदवायच्या आतच शेड हलल्या. ग्रामीण रकान्यात ती नाही, शहरी रकान्यातही नाही. माझ्याकडे इतक्या याद्या आहेत, त्यांपैकी एकाही यादीत ही मुलगी नाही.

मागच्या महिन्यात उलव्याच्या त्या सेविकेचा पुन्हा फोन आला. काट्याबद्दल नव्हता.

"मॅडम, तुमच्या बाई येतात इथे."

"कोण बाई?"

"त्याच. बुधवारी येतात. रिक्षाने. हातात स्टीलचा डबा असतो. एकेका साइटवर जातात, शेडपुढे उभ्या राहतात आणि हाक मारतात. सुरेखा, ए सुरेखा. वॉचमन हसतात त्यांना."

"सापडली का?"

"नाही अजून. डबा मग दुसऱ्याच कुठल्या तरी मुलांना भरवतात आणि जातात."

मी तिला विचारलं, बाईंनी माझ्याबद्दल काही विचारलं का. ती म्हणाली, "विचारलं. मॅडम सकाळचं खातात का, असं."

मी बाईंना फोन केलेला नाही. नंबर आहे. तिनेही केलेला नाही.

बत्ता माझ्याकडे आहे. राजीनाम्यानंतर आठवड्याने तिच्या मदतनीसबाईने तो आणून दिला, जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून. "बाईंनी दिलाय. बोलल्या, मॅडमकडे राहू दे." चिठ्ठी नव्हती. मी तो गोळ्यांच्या खोक्यांमागे ठेवला. कपाट उघडलं की दिसतो.

आजची सभा आता सुरू होईल. फळा भिंतीवर आहे, ठिपकेही आहेत. मघाशी शेवटच्या रांगेतली एकजण सवयीने उभी राहिली, मी तिला बसायला सांगितलं. विषय सहा आहेत. पहिले पाच होतील, नेहमीच होतात. सहावा गेले कित्येक महिने मी या महिन्यातून पुढच्या महिन्यात उतरवते आहे: रोशनी, आईचं नाव सुरेखा, उलवे परिसर, शोधून वजन घेणे. त्याच्यापुढे बरोबरची खूण नाही.

उद्या बुधवार आहे. काटा, झोळी आणि बत्ता पिशवीत भरून ठेवला आहे. वजन अजून घ्यायचं आहे.